मशीनची उचल

मिठबावच्या किनाऱ्यावर होडीला मशीन लावणारा पहिला माणूस गुरुदास कोयंडे. गोवा मोकळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मच्छीमार सोसायटीतून त्याला ते मिळालं. विलायती बनावटीचं, सात घोड्यांच्या ताकदीचं, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं. दोरी ओढली की सुरू व्हायचं आणि दांड्याची मूठ पिळली की पळायचं. पहिल्या दिवशी ते सुरू झालं तेव्हा किनाऱ्यावरची कुत्रीसुद्धा पळून गेली होती. गुरुदास मात्र होडीत असा उभा होता, जणू ते मशीन त्यानंच घडवलं आहे.

माणूस वाईट नव्हता. आवाज मोठा, छाती मोठी, कोणाच्या घरी अडलं-नडलं की न बोलावता जाणारा. बापाच्या मागे धाकट्या बहिणीचं, जानकीचं लग्न त्यानंच लावून दिलं होतं. नवरा देवबागचा बाबली. बाबलीच्या घरची होडी एका वादळात फुटली, तेव्हापासून तो मुंबईला बंदरातल्या लाँचवर खलाशी होता. चार वर्षांत तिथलं हवापाणी त्याला मानवलं नाही, खोकून खोकून अर्धा झाला. तेव्हा गुरुदासनंच पत्र घालून त्याला बोलावून घेतलं. भावजी, इकडे या, आपल्या होडीवर हात कमी पडतात, असं त्यानं लिहिलं होतं. बाबली आला आणि बायकोच्या माहेरीच राहिला. कमी बोलायचा. वल्हं हातात दिलं तर वल्हं मारायचा, जाळं दिलं तर जाळं शिवत बसायचा.

मशीन आलं तेव्हा ते चालवायला शिकवण्यासाठी मालवणात आठ दिवसांचा वर्ग निघाला. गुरुदासला होडी सोडून जाता येईना, म्हणून बाबली गेला. लाँचवर असताना इंजिनवाल्याच्या शेजारी बसून त्यानं बरंच पाहून ठेवलं होतं, त्यामुळे त्याला ते पटकन उमगलं. पहिला मोसम मशीन त्याच्याच हाताखाली चाललं आणि बिनतक्रार चाललं.

ज्येष्ठ लागला, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या. त्या दिवशी बाबली पाण्यानं भरलेलं एक पिंप अंगणात मांडून बसला. मशीन पिंपात उभं करून, टाकीची नळी काढून, आतलं पेट्रोल जळून जाईपर्यंत ते चालवायचं आणि मग ठेवायचं, असं वर्गात सांगितलं होतं. गुरुदासनं ते ऐकलं मात्र, त्याला पटेचना. कणकवलीहून एस.टी.च्या टपावरून आणलेलं पेट्रोल अंगणात जाळायचं? आणि नव्या मशीनला उगाच पिंपात घुमवून झिजवायचं? त्यानं बाबलीला बाजूला केलं. मशीन पुसलं, वरून तेलाचा हात फिरवला, स्वतःच्या अंगावरचं कांबळं त्याच्याभोवती गुंडाळलं आणि माजघरात देव्हाऱ्याच्या बाजूला उभं करून ठेवलं. पावसाळाभर त्यानं कोणाला त्याच्याजवळ फिरकू दिलं नाही. बाबलीनं आणखी एकदा विषय काढून पाहिला. गुरुदास हसला आणि म्हणाला की मुंबईच्या लोकांना पेट्रोल पाण्यासारखं वाटतं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. मशीन दोन-तीन दोऱ्यांत सुरू झालं. हळू चालवलं तर छान चालायचं. पण मूठ पिळून वेग द्यायला गेलं की खोकल्यासारखा आवाज करायचं, दचके खायचं आणि बंद पडायचं. वल्ह्यावरचा भिकाजी म्हणायचा की मशीन उचल घेत नाही. म्हातारा बैल चढावर थांबतो तसं ते थांबायचं.

बाबलीनं प्लग काढून घासला, नळ्या फुंकल्या, पेट्रोल फडक्यातून गाळून घेतलं. फरक पडला नाही. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडायला हवा, मालवणला नेऊया, असं तो म्हणाला. मोसम नुकता सुरू झालेला, बांगडा किनाऱ्याला लागलेला, मशीन मालवणला नेऊन ठेवायला गुरुदास तयार नव्हता. मग बाबलीनं एक युक्ती काढली. वेग देताना चोकाचा, म्हणजे हवा कमी करून पेट्रोल वाढवणारा, खटका तो एका हातानं अर्धा ओढून धरायचा आणि दुसऱ्या हातानं मूठ अगदी सावकाश पिळायचा. तसं केलं की मशीन थोडं पळायचं, काळा धूर सोडत का होईना. गुरुदासला ते बघवायचं नाही. चोक हा सकाळी मशीन सुरू करण्यापुरता असतो, पळत्या मशीनला कसला चोक, आणि पेट्रोल किती पितंय ते, असं तो रोज म्हणायचा.

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. त्या दिवशी सकाळच्या पाळीला बांगडा असा मिळाला की होडीचा काठ पाण्यापासून वीतभरच वर राहिला. होडीत चौघे होते, गुरुदास, बाबली, भिकाजी आणि शंकर. मागून दोन शिडाच्या होड्या येत होत्या, त्यांनाही बांगडा लागला होता. आधी जो किनाऱ्याला लागेल त्याच्या मासळीला गिऱ्हाईक आधी, हे गुरुदासच्या डोक्यात होतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तिथे लाटा उठून फुटतात. रोज येणारा-जाणारा माणूस तिथे थांबतो, तीन मोठ्या लाटा जाऊ देतो आणि मधल्या शांत पाण्यातून आत शिरतो.

बाबलीनं मशीन हळू केलं. मागे वळून लाटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, आता उघडूचा नाय. लाट जावंदे, मगे वल्ही घेवन आत जावया."

गुरुदासनं मागच्या शिडांकडे पाहिलं. त्याला वाटलं, पुरे पळवलं तर लाटेच्या आधी पार होऊ. तो ओरडला, "चोकाचो खेळ सोड आणि उघड!"

त्याच्या मागे बसलेल्या भिकाजीला त्या क्षणी जाणवलं की गुरुदासनं भावजींना अरे-तुरे केलं. बाबलीनं एकदा गुरुदासकडे बघितलं. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, त्याचा शब्द होडीवर मोडायचा नसतो. त्यानं चोक सोडला आणि मूठ पिळली. मशीन एकदा खोल घशातून बोललं आणि गप्प झालं. होडीचा वेग गेला, तोंड फिरलं आणि मागची लाट कुशीवर येऊन ती उलटली.

कोणी बुडालं नाही, ही देवाची कृपा. पाणी छातीएवढंच होतं. पण बांगडा सगळा परत दर्यात गेला, जाळं दांड्याजवळच्या खडकाला अडकून फाटलं, आणि होडीचा काठ भिकाजीच्या खांद्यावर आदळून त्याचा खांदा निखळला. किनाऱ्यावरची माणसं धावून आली. बायका टोपल्या घेऊन वाट बघत उभ्या होत्या, त्यांत जानकी होती. भिकाजीला उचलून नेलं. मग मशीन ओढून वाळूवर घेतलं, आणि त्याच्यातून पाणी गळताना पाहून गुरुदासचा तोल गेला.

तो बाबलीसमोर उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बायलेच्या माहेरात बसान जेवणाऱ्याक दर्याचो काय अंदाज? उद्यापासून माझ्या मशीनीक हात लावू नको."

बाबली ओल्या कपड्यांनी तसाच उभा राहिला. मग त्यानं खिशातून प्लग काढायचा पाना काढला, होडीच्या फळीवर ठेवला आणि चालायला लागला. घराकडे नाही, तांबळडेगच्या दिशेनं.

दुसऱ्या दिवशी कळलं की बाबली तांबळडेगला हरिश्चंद्र तांडेलाच्या रापणीवर दोरी ओढायला राहिला आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी पन्नास माणसांनी ओढायचं भलंमोठं जाळं. तिथे कोणाचं कसब विचारत नाहीत, अंगातलं बळ लागतं. रात्री बाबली रापणकरांच्या मांगरात, जाळी ठेवायच्या खोपीत, झोपायचा. जानकी भावाच्या घरातच राहिली. भावाला जेवण वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, पण त्याच्याशी एक अक्षर बोलायची नाही. रोज दुपारी पेजेचा डबा आणि सुकी मासळी घेऊन ती किनाऱ्यानं चालत तांबळडेगला जायची. गुरुदास झापाखाली जाळं शिवत बसलेला असायचा, आणि तिची पाठ लहान होत जाताना त्याला दिसायची. आपण बोललो ते चुकलं, हे त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण मशीन बाबलीमुळेच बिघडलं, असं तो स्वतःला रोज सांगत होता, कारण तेवढ्या एका गोष्टीवर त्याला उभं राहता येत होतं.

आता मशीनला हात त्यानं स्वतः घातला. खाऱ्या पाण्यातून काढल्यावर ते गोड्या पाण्यानं धुतलं, प्लगच्या भोकातून तेल सोडलं, चार दिवस उन्हात ठेवलं. ते सुरू झालं, हे पाहून त्यानं आनंदानं रडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. पण रोग तोच. मग त्यानं कार्बोरेटर खोलला. तळाशी पेट्रोल सोडणारा एक पितळी जेट होता, त्याला केसाएवढं भोक. ते भोक बुजलंय असं त्याला वाटलं. घरात स्टोव्ह साफ करायची पिन होती. स्टोव्हला चालतं ते याला का चालू नये, असं म्हणून त्यानं ती पिन त्या भोकात घालून चांगली चार-पाच वेळा फिरवली. जोडून बघितलं तर मशीन आता हळूसुद्धा धड चालेना. धूर इतका की शेजारच्या घरातून माणसं बघायला आली.

तेव्हा मात्र त्यानं मशीन पुन्हा कांबळ्यात गुंडाळलं आणि सकाळची एस.टी. धरली. कंडक्टरनं ते टपावर टाकायला सांगितलं. गुरुदास कबूल होईना. शेवटी ते मांडीवर घेऊन मागच्या बाकावर तो मालवणपर्यंत बसून गेला. आचऱ्याला एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं की पोर आजारी आहे का. तो हो म्हणाला.

मालवणात काशीराम मेस्त्रीचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. भातगिरणीची इंजिनं, लाँचची इंजिनं, सगळं त्याच्याकडे यायचं. साठीचा, वाळका, कानावर विडी ठेवणारा माणूस. त्यानं मशीनला हात लावायच्या आधी गुरुदासला बाकावर बसवलं आणि डॉक्टरासारखं एकेक विचारलं. हळू चालतं का? चालतं. वेग दिला की मरतं, की हळूहळू मरतं? खोकतं आणि मरतं. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा असतो ना? असतो. चोक अर्धा ओढून बघितला का?

गुरुदास म्हणाला की होय, चोक अर्धा ओढला की जरा पळायचं.

"म्हणजे पेट्रोल कमी पडता," काशीराम म्हणाला. "हळू चालूक थोडा पुरता. धावूक लागला की मिळणा नाय. पोटात अन्न नाय आणि तुमी तेका धावूक सांगतास."

त्यानं कार्बोरेटर काढला आणि एका ताटलीत एकेक भाग मांडला. पेट्रोल साठतं ती छोटी वाटी उपडी केली तेव्हा तिच्या तळाला तपकिरी, चिकट थर दिसला, फणसाचा चीक सुकून राहावा तसा. आतल्या बारीक वाटा त्याच चिकानं बुजल्या होत्या. काशीरामनं वाटी नाकाशी नेली आणि गुरुदासपुढे धरली. त्या वासात पेट्रोल नव्हतंच, जुन्या वार्निशासारखं काहीतरी होतं.

"पावसात पेट्रोल आत ठेवन मशीन उभा केलेला," काशीराम म्हणाला. "दोन-तीन महिन्यांत पेट्रोल उडान जाता आणि मागे ह्यो गोंद रवता. कोणी ठेवल्यान?"

गुरुदासच्या तोंडून निघून गेलं, "आमचे भावजी बघतत मशीनचा."

काशीराम ब्रशनं वाटी घासत होता. त्यानं वर बघितलं नाही. "चोक अर्धो धरून चालवणारो कोण?"

"तेच."

"मगे पेट्रोल आत ठेवणारो तो नाय. ज्येका चोकाचा कळता, तेका ह्यापण कळता." मग त्यानं तो पितळी जेट उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिला. "आणि ह्येच्यात सुई घालणारोपण तो नाय."

समोरच्या दुकानात कोणीतरी पत्रा ठोकत होतं. गुरुदासनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे ते अंगणातलं पाण्याचं पिंप आलं, आणि पिंपाशेजारी बसलेला बाबली. पेट्रोल मीच जाळू दिलं नाही, असं तो म्हणाला. ठेवलं मी. सुई मी घातली. आणि त्या दिवशी चोक सोड म्हणून ओरडलो तोही मीच. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. दांड्यावरची लाट, भिकाजीचा खांदा, किनाऱ्यावर बोललेलं वाक्य, सगळं त्यानं त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. काशीराम ऐकत राहिला आणि हातातलं काम करत राहिला. पिनीनं भोक मोठं झालं होतं, तो जेट आता फुकट गेला होता, पण तसल्याच एका मोडलेल्या मशीनचा जेट त्याच्या डब्यात होता. तो शोधायला त्याला बराच वेळ लागला.

दुपार कलताना मशीन जोडून झालं. दुकानाच्या मागे पाण्याच्या पिंपात उभं करून काशीरामनं दोरी ओढली आणि गुरुदासला मूठ पिळायला सांगितली. त्यानं सावकाश पिळली. आवाज मध्ये कुठे न अडखळता चढत गेला, पिंपातलं पाणी उसळून दोघांच्या अंगावर आलं. मग काशीरामनं टाकीची नळी काढून घेतली आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत तसंच चालू ठेवलं.

"आता तुमचे भावजी काय करूक सांगत होते ता बघलास," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदासनं मशीन घरी ठेवलं आणि तो तांबळडेगला चालत गेला. रापण ओढणं चालू होतं. दोन्ही बाजूंच्या रांगा वाळूत टाचा रोवून मागे रेलल्या होत्या. बाबली डाव्या रांगेत सहावा की सातवा होता, अंगावर फक्त लंगोटी आणि डोक्याला फडकं. गुरुदासनं सदरा काढून वाळूवर टाकला आणि त्याच्या मागे दोरी धरली. बाबलीला मागे कोण आलं ते कळलं असावं, कारण त्याची मान ताठ झाली, पण तो वळला नाही.

"भावजी," गुरुदास म्हणाला, "माका तुमका एक सांगूचा आसा."

"आधी जाळा येवंदे," बाबली पुढे बघूनच म्हणाला. "दोरी ढिली सोडू नका."

मग गुरुदास ओढत राहिला. तासभर तरी गेला असेल. पंचेचाळिशीच्या माणसाच्या तळहाताची सालं निघाली. जाळ्याची खोळ वाळूला लागली, मासळी उड्या मारायला लागली, माणसं दोरी सोडून पाणी प्यायला बसली, तेव्हा तो सगळ्यांच्या मध्ये उभा राहिला. मोठ्या आवाजाचा तो माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज जेमतेम मागच्या रांगेपर्यंत पोचला. मशीन कशानं बिघडलं, होडी कोणामुळे फिरली, ते त्यानं सगळं सांगितलं. मग बाबलीकडे वळला.

"तुमी माका ज्येष्ठात सांगल्यात. मी आयाकलंय नाय. आणि वर तुमका तसा बोललंय. तुमी माझ्या घरात बसान जेवक नाय, मीच तुमका बोलावन हाडलेलंय."

बाबली पाण्याचा तांब्या हातात घेऊन बसला होता. त्यानं तो खाली ठेवला. राग गेला असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं, पण त्याची मान हलली. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो भिकाजीच्या खांद्याचा. खांदा बसवलाय, वल्हं मारायला महिना लागेल, हे कळल्यावर तो म्हणाला, "हरिश्चंद्राक दिवाळीपर्यंत शब्द दिलोलो आसा. तवसर येवक जमूचा नाय."

गुरुदास बरं म्हणाला. त्याला वाटलं होतं की आपण चूक कबूल केली की भावजी उठून बरोबर चालू लागतील. तसं झालं नाही, आणि मिठबावला एकट्यानं परतताना ते त्याला जड गेलं. पण ज्या वाळूवर आपण ते बोललो, त्याच वाळूवर ते परत घ्यायला हवं, हे त्याला वाटेत सुचलं. दुसऱ्या दिवशी मासळीच्या वेळी, टोपल्या घेऊन बायका जमल्या असताना, त्यानं तिथेही तेच सांगितलं. काही बायका हसल्या. त्यानं हसू दिलं. त्या दुपारी जानकीनं ताट वाढलं आणि त्याला विचारलं की कढी आणखी हवी का. महिन्याभरात ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

दिवाळीपर्यंत गुरुदास शंकरला आणि आणखी एकाला घेऊन वल्ह्यांवर गेला. मशीन घरात होतं, दुरुस्त होतं, तरी त्यानं ते होडीला लावलं नाही. लोक विचारायचे, तो काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचा.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेला, बाबली आला. जानकीनं भावाला ओवाळलं. जेवणं झाल्यावर बाबलीनं बोलणं काढलं. मशीन चालवायला तो येईल, पण मशीनच्या बाबतीत होडीवर त्याचा शब्द शेवटचा राहील. गुरुदास कबूल झाला. दुसरी गोष्ट सांगताना बाबली अडखळला, तेव्हा ती जानकीनंच सांगितली. खाडीच्या बाजूला माडांच्या बागेत ती दोघं वेगळं बिऱ्हाड करणार होती.

गुरुदासला ते लागलं. घर एवढं मोठं पडलंय, असं तो म्हणायला लागला होता. मग त्यानं ते तोंडातच ठेवलं आणि जागा कुठली, ओट्याला चिरे किती लागतील, ते विचारलं.

मार्गशीर्षात खोपीच्या भिंती उभ्या राहिल्या. छप्पर शाकारायच्या दिवशी होडी काढली नाही. गुरुदास आणि बाबली दोघं वर चढले होते, एकजण झापं अंथरत होता, दुसरा सुंभानं बांधत होता. खालून जानकी झापं वर देत होती. वाऱ्याच्या बाजूला झापांचा थर जाड हवा, असं बाबली म्हणाला. गुरुदासनं आणखी चार झापं मागून घेतली.